तुडूम उघडलं

गोंदिया,
बुधवार, २२ फेब्रुवारी १९३९

प्रिय बाबा,

“पानी कानानं नाई पोरी, तळपायानं आयकाचं राह्यते.” तुम्ही हे बोललात तेव्हा मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. सकाळची वेळ होती. तुम्ही तलावाच्या मातीच्या पारीवर, पाणी सोडायच्या तुडुमाजवळ अनवाणी उभे होता, आणि चौदा वर्षांचा आपला खेमा तुमच्या शेजारी, तुमच्यासारखेच डोळे मिटून. तुडूम किती उघडलंय, पाटात किती पाणी जातंय, हे न वाकता, न बघता तुम्हाला कसं कळतं, असं मी विचारलं होतं. त्यावर तुम्ही मला वहाणा काढायला लावल्यात. मातीच्या पोटातून पाणी पाटाकडे धावत होतं आणि त्याची थरथर खरंच माझ्या टाचांतून वर आली. पुढे ते वाक्य गावोगाव झालं. अर्जुनीच्या बाजारातसुद्धा लोक म्हणायचे, सोनबोडीचा केवळराम पाणकर पायानं पाणी ऐकतो. परवा रविवारी ते वाक्य मला पुन्हा आठवलं, आणि तेव्हापासून ते माझा पिच्छा सोडत नाही.

शाळेत मी मुलींना शिकवते की वडिलांना ‘तीर्थरूप’ लिहावं. आजवर मीही तसंच लिहीत आले. आज लेखणी टेकवली आणि ‘प्रिय’ असं उमटलं, ते मी खोडलं नाही. पारीवरच्या ओल्या मातीत काडीनं मला पहिलं अक्षर तुम्हीच काढून दाखवलं होतंत, तेव्हा काय लिहावं आणि काय लिहू नये, याची थोडी सूट मला असावी. आणखी एक. पत्र लांब आहे म्हणून ते शेजारच्या यादोरावांकडे वाचायला देऊ नका. चष्मा लावा, अंगणातल्या उजेडात बसा, आणि एकट्यानं वाचा.

तुम्ही आला नाहीत. शिवरात्रीच्या आधी मी बकारामकाकांबरोबर निरोप पाठवला होता, की खेमा गोंदियाला येतोय, रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये रविवारी संध्याकाळी पाच वाजता एकटा वाजवणार आहे, तुमच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची धरली आहे. खुर्ची मी खरंच धरली होती. माझी शाल तिच्यावर टाकून बसले होते. दोन गोऱ्या बायका येऊन विचारून गेल्या, तुमच्या जावयांनी दोनदा सुचवलं की शाल उचल, लोक मागे उभे आहेत. मी उचलली नाही. खेमा स्टेजवर आला तेव्हा त्यानं सगळ्या हॉलला नमस्कार केला आणि त्याची नजर त्या शालीवर येऊन थांबली. मग तो खाली बसला आणि तारा जुळवायला लागला. गावच्या कोणालाच तुमच्या न येण्याचं नवल वाटलं नाही. लेकावरचा अठरा वर्षांचा राग एका निरोपानं कसा जाईल, असं सुभद्राकाकू म्हणाल्या. मीही तेव्हा तसंच समजत होते.

पण आधी त्या संध्याकाळचं सांगते, कारण ते तुम्हाला दुसरं कोणी नीट सांगणार नाही. बकारामकाकांनी सांगितलं असेल त्यातलं अर्धं त्यांच्या स्वतःच्या पराक्रमाचं असेल.

आठ दिवस आधीपासून स्टेशनाबाहेर, दाणाबाजारात, शाळेच्या भिंतीवर कागद लागले होते. इंग्रजी आणि हिंदी दोन्हीत. मोठ्या अक्षरांत ‘गिटार’, त्याखाली ‘खेमराज, सोनबोडीवाले’. शाळेच्या भिंतीवरचा कागद मी माझ्या वर्गातल्या मुलींकडून मोठ्यानं वाचून घेतला, त्या बिचाऱ्यांना कळेना की बाई एकच ओळ चारदा का वाचायला लावतात. कलकत्त्याच्या मोठ्या हॉटेलांत आणि सभागृहांत गेली दहा वर्षं तो वाजवतो आहे, मद्रासला, रंगूनला वाजवून आला आहे, आणि सगळीकडे कागदावर नावापुढे आपल्या गावाचं नाव लावतो. इन्स्टिट्यूटचे सेक्रेटरी साहेब तुमच्या जावयांना मालधक्क्यावर भेटले तेव्हा म्हणाले, सोनबोडी हे स्पेनमधलं शहर असावं असं मला वाटत होतं. ह्यांनी सांगितलं, नाही साहेब, अर्जुनीहून अडीच कोस.

शिवरात्रीला नागऱ्याच्या जत्रेला आलेली आपल्या गावची वीस-बावीस माणसं थांबून राहिली होती. शंकराला पाणी घालून झालं होतं, खेमाला बघूनच परतीची छोट्या रुळांची गाडी धरायची, असं त्यांचं ठरलं होतं. ती सगळी गावात दंडारीचा खेळ बघायला जावं तशी आली. हातात चटया, धोतराच्या सोग्यात लाखोरीच्या शेंगा. हॉलमध्ये खुर्च्या लावल्या होत्या. पुढे साहेब लोक, त्यांच्या मडमा, मागे मिलवाले शेठ, वकील, डॉक्टर. आपल्या माणसांनी खुर्च्यांकडे पाहिलंही नाही. दंडार पाहायची ती मंचाला टेकून, जमिनीवर बसून. ते सरळ पुढे आले आणि पहिल्या रांगेतल्या मडमांच्या पायांपुढे चटया अंथरून बसले. शेंगा सोलायला सुरुवातही झाली. सेक्रेटरी साहेबांचा चेहरा लाल झाला. दोन चपराशी धावत आले. मला जमिनीनं गिळावं असं झालं, आणि हे लिहिताना मला त्याचीच लाज वाटते आहे.

तेवढ्यात खेमा आतून स्टेजच्या कडेला आला. काळा कोट, पांढरं धोतर. त्यानं चपराशांना हातानं थांबवलं आणि साहेबांना इंग्रजीत काही सांगितलं. ते मला नंतर कळलं. तो म्हणाला होता, ही माझ्या घरची माणसं आहेत, ती जिथं बसतात तिथूनच मला वाजवायला जमतं. मग तो आपल्या माणसांकडे वाकला आणि म्हणाला, “शेंगा मंग खा. आंधी आयका.” बकारामकाकांनी सगळ्यांच्या शेंगा गोळा करून आपल्या दुपट्ट्यात बांधल्या आणि वर म्हणाले की पोरगा साहेब झाला पण बोली नाही विसरला.

बाबा, हे वाद्य तुम्ही एकदाच पाहिलंय, ते रेल्वेतल्या मिनेझिस गार्डाचं, आणि तेही लांबून. गावात सगळे त्याला सायबाचा तंबुरा म्हणायचे. खेमाचं वाद्य तसंच आहे, फक्त जुनं, मधाच्या रंगाचं. सहा तारा, वरच्या तीन आतड्याच्या. डावा पाय तो एका छोट्या चौरंगावर ठेवतो आणि वाद्य मांडीवर असं घेतो की जणू झोपलेलं मूल उठू नये. साथीला कोणी नाही. तबला नाही, पेटी नाही. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एक माणूस आणि एक लाकूड. पहिला सूर इतका हळू आला की मागच्या रांगांतल्या लोकांनी खोकणं थांबवलं. मग मला वाटलं की पडद्यामागे दुसरं कोणी वाजवतंय. अंगठ्यानं तो खालचा जाड सूर धरून ठेवत होता, सावकाश, बैलाच्या चालीसारखा, आणि उरलेली बोटं त्याच्यावर निराळंच काही बोलत होती. दोन आवाज, एकमेकांना उत्तर देणारे, आणि माणूस एकच. स्पेनमधल्या, इटलीमधल्या कोणाकोणाच्या रचना त्यानं वाजवल्या. मला त्यांची नावं सांगता यायची नाहीत. पण तिसऱ्या रचनेनंतर पुढच्या रांगेतला म्हातारा इंजिन ड्रायव्हर साहेब रुमालानं डोळे पुसत होता, आणि त्याच्या पायाशी बसलेल्या सुभद्राकाकू पदरानं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि काकूंनी त्याला मान हलवून ‘हो’ म्हटलं. काय विचारलं होतं त्यानं, देव जाणे.

शेवटी त्यानं स्वतःचं काही वाजवलं. कागदावर त्याला नाव नव्हतं. तीन बोटं एकाच तारेवर एकामागून एक, इतक्या झपाट्यानं, की सूर तुटतच नव्हता, नुसता थरथरत वाहत होता, आणि खालून अंगठ्याचा एक एक ठोका. आधी बारीक, दाबून धरल्यासारखं. मग एका क्षणी ते सगळं मोकळं झालं आणि हॉलभर पसरलं. आणि तेवढ्यात बकारामकाका, ज्यांनी तुमच्या हाताखाली तीस वर्षं माती टाकली ते बकारामकाका, आपल्या शेतात उभं राहून बोलावं तसं मोठ्यानं बोलले, “तुडूम उघडलं.”

सगळा हॉल वळून पाहायला लागला. सेक्रेटरी साहेब उठलेच. खेमाचा हात थांबला नाही. पण तो हसला, बाबा. डोळे मिटलेलेच होते, आणि चेहरा चौदा वर्षांच्या पोराचा झाला. पाणी पाटातून धानाच्या बांध्यांत जावं तसं ते वाजणं पसरत गेलं, पसरत गेलं, शेवटी एका बांधीत स्थिर झालं, आणि थांबलं. मग साहेब लोक उभे राहिले. उभे राहून टाळ्या वाजवायची त्यांची रीत आहे. त्यांना पाहून शेठ लोक उठले, आणि आपली माणसं, जी दंडार संपल्याशिवाय कधी उठत नाहीत, ती चटया सोडून उभी राहिली. अठरा वर्षांपूर्वी तो गावातून जाताना ज्या लोकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती, त्यांनीच त्याला हात धरून स्टेजवरून खाली घेतलं. ड्रायव्हर साहेबांनी बकारामकाकांना काय म्हणालात ते विचारलं. तुमच्या जावयांनी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. साहेब म्हणाले की आजच्या सगळ्या हॉलमध्ये तेवढंच एक समजून बोललेलं वाक्य होतं. आता काका ते सगळ्यांना सांगत फिरत असतील.

तुमच्या मुलानं गोंदिया जिंकलं, बाबा. येत्या रविवारी, सव्वीस तारखेला, त्याला पुन्हा वाजवायला सांगितलंय, त्याच हॉलमध्ये, त्याच वेळी. सोमवारच्या मेलनं तो कलकत्त्याला जाईल आणि तिथून कोलंबोला. परत कधी येईल ते त्यालाही माहीत नाही.

आता ते दुसरं, ज्यासाठी एकट्यानं वाचा म्हटलं.

गावाला जे माहीत आहे ते असं. एकवीस साली, भादव्यात, तलाव काठोकाठ भरलेला असताना पारीची राखण खेमाकडे होती. तो राखण सोडून मिनेझिस गार्डाकडे तो तंबुरा शिकायला गोंदियाला गेला. दुपारी तुडुमाजवळ पार फुटली, पस्तीस-चाळीस एकरांतला उभा धान गाळाखाली गेला. माणूस गेला नाही, ही महादेवाची कृपा. संध्याकाळी देवळापुढे सगळे जमले आणि विचारलं की राखण कोणाची होती. खेमा म्हणाला, माझी. तुम्ही काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी तो गेला, आणि तुमच्या गप्प बसण्याला सगळ्यांनी राग म्हटलं. मीही.

रविवारी कार्यक्रम झाल्यावर तो माझ्या घरी आला. जेवण झालं, मुलं त्याच्याभोवती होती, तो तारा सैल करत बसला होता. गावची खबर मी सांगत होते, कोणाचं लग्न, कोण गेलं, कुठल्या बोडीतला गाळ उपसला. त्यानं मधेच विचारलं, “बाई, बाबाले आता कितीक आयकू येते?”

मी म्हटलं, बाबांच्या कानाला काय झालंय? माझा प्रश्न ऐकला आणि त्याच्या लक्षात आलं की मला ठाऊक नव्हतं. त्यानं मान खाली घातली आणि एकच तार पुन्हा पुन्हा सैल करू लागला, ती कधीच सैल झाली होती तरी. मुलांना मी बाहेर पाठवलं. मी त्याचा हात धरून बसले. लहानपणी त्याच्या हातातून काटा काढताना धरायची तशी.

मग त्यानं सांगितलं. त्या दिवशी राखण त्याची नव्हतीच. तुम्ही स्वतः त्याला म्हणाला होता, जा, मी आहे पारीवर. तो गोंदियाहून लवकर निघाला आणि दुपारी गावात शिरला, तो पारीच्या दुसऱ्या टोकानं. तुडुमाच्या बाजूला करंगळीएवढ्या भोकातून पाणी फुसफुसत होतं. त्याला ते वीस पावलांवरून ऐकू आलं. तुम्ही त्या भोकापासून चार पावलांवर पाठमोरे उभे होता, पाटाकडे बघत, अनवाणी. “मी आवाज देल्लो, बाई. तीनदा देल्लो. बाबानं मान वळवली नाई.” त्याबद्दल एवढंच तो म्हणाला. बारीक भोकाची फुसफुस पायाला कळत नाही. ती कानालाच कळते. तो धावत पोचला, तुमचा हात धरून तुम्हाला मागे ओढलं, आणि तुम्ही दोघं उभे होता ती माती पाण्यात गेली.

तलावाचं पाणी सांभाळणाऱ्या पाणकराला ऐकू येत नाही हे गावाला कळलं असतं तर पारीवर तुमचा पाय पुन्हा पडला नसता, हे त्याला एकोणिसाव्या वर्षी समजलं. देवळापुढे तो ‘माझी’ म्हणाला ते त्यासाठी. अठरा वर्षांत त्यानं हे कोणाला सांगितलं नाही, मलाही सांगणार नव्हता. आणि कोणाला सांगू नको असं त्यानं मला बजावलंय. मी कोणाला सांगणार नाही. पण तुम्हाला सांगणं म्हणजे कोणाला सांगणं नव्हे. त्यानं तुम्हाला तीनदा हाक मारली होती, हे तुम्हाला कोणी सांगितलंच नसेल. ती हाक तुमच्यापर्यंत पोचवायची राहिली होती. ती मी आज लिहून पोचवते आहे.

आणि मग एकेक गोष्ट माझ्या डोळ्यांपुढून गेली. मी माहेरी आले की तुम्ही मला उजेडाकडे तोंड करून बसवता. बोलणाऱ्याच्या ओठांवरून तुमची नजर हलत नाही. आई गेल्यापासून घरात कोणी गाणं म्हणू नये, असं तुम्ही सांगितलंत. चार दिवस तुमच्यापाशी राहून निघाले तरी तुम्ही म्हणता, बाकीचं पत्रात लिही. मला वाटायचं की तुम्हाला माझं अक्षर आवडतं. मी शिकलेली मुलगी, बायकांच्या मनातलं ओळखते असा मला अभिमान, आणि मला माझ्या बापाचा कान कळला नाही. त्या बाळंतपणात तुम्ही तळपायाचं जे सांगितलंत ते लोक कौतुकानं सांगतात. आता मला कळतं की तेव्हाच तुमचे कान जायला लागले होते, आणि तुम्ही पायांना त्यांचं काम शिकवत होता. हे लाजिरवाणं नाही, बाबा. मला तर ते वाक्य आता आधीपेक्षा मोठं वाटतं.

तुम्ही आला नाहीत ते रागानं नाही. मुलगा समोर बसून वाजवेल, लोक रडतील, टाळ्या वाजवतील, आणि मला त्यातलं काही कळणार नाही, आणि ते सगळ्यांना दिसेल, या भीतीनं आला नाहीत. बरोबर ना? नसेल तर मला रागवा, मी ऐकून घेईन.

खेमाला मी यातलं काहीच विचारलेलं नाही, पण सोमवारी सकाळी मी एकटी इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तो सरावाला बसला होता. स्टेज सागवानी फळ्यांचं आहे, खालून पोकळ. मी विंगेत चपला काढून उभी राहिले, डोळे मिटले आणि दोन्ही कानांत बोटं घातली. त्याच्या अंगठ्याचा प्रत्येक ठोका माझ्या टाचांतून वर आला, आणि तो शेवटचा तुकडा आला तेव्हा तुडुमाजवळच्या पारीसारखी ती फळी माझ्या पायाखाली थरथरत होती. कान बंद असूनही मी ते सगळं ऐकलं. तेव्हा माझी विनंती अशी आहे. रविवारी सकाळच्या छोट्या गाडीनं या. बकारामकाका तुम्हाला स्टेशनवर आणतील, त्यांना कारण सांगायची गरज नाही. खुर्चीत नका बसू. विंगेत, पडद्याआड, जिथून तुम्ही कोणाला दिसणार नाही, तिथं वहाणा काढून तुमच्या मुलाच्या पाठीमागे दहा पावलांवर उभे राहा. एवढंच. तुम्ही पत्राच्या उत्तरात लिहाल की तलावाचं पाणी कमी आहे, उन्हाळी धानाच्या पाण्याची वाटणी आहे, जमणार नाही. मी ते आताच वाचलं असं समजा. तरीही विंगेतली ती फळी मी पुसून ठेवणार आहे. या, बाबा.

तुमचीच,
पुष्पा